थोरला की धाकटा

धुळाप्पा बिराजदार मूळचा वळसंगचा. घरात कानडी, शाळेत मराठी आणि सोलापुरात इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला इंग्रजी अशा तीन भाषा त्याला येत होत्या, आणि तिन्हींपैकी एकीतही त्याला ‘नाही’ म्हणता येत नव्हतं. ह्या एका गुणावर अक्कलकोट रोडच्या टॉवेल-चादरींच्या कारखान्यात त्याचं सहा वर्षं बरं चाललं होतं. कामाचं नाव मेंटेनन्स. म्हणजे मोटर जळली तर धुळाप्पा, फ्यूज उडाला तर धुळाप्पा, आणि मालकांच्या घरचा रेडिओ धारवाड स्टेशन धरेना तरी धुळाप्पाच.

कारखाना दोन भावांचा. मोठे चनबसप्पा, त्यांना सगळे अण्णा म्हणत. धाकटे मल्लप्पा, त्यांना सगळे मल्लप्पाच म्हणत, आणि हीच त्यांची आयुष्यातली मुख्य तक्रार होती.

अठ्ठ्याहत्तर सालच्या फेब्रुवारीत अण्णा मुंबईला कसलंसं प्रदर्शन बघून आले. तिथं त्यांनी सूत रंगवण्याचं एक जर्मन यंत्र पाहिलं. पाणी किती तापलंय ते यंत्र स्वतःच बघतं, वाफेचा कॉक स्वतःच उघडतं आणि स्वतःच बंद करतं. आल्या आल्या त्यांनी धुळाप्पाला बोलावलं.

“आपल्याकडं पण पायजे तसलं.”

“जर्मनीवरनं मागवायचं?”

“जर्मनी कशाला? तू हायेस की.”

“करतो की,” धुळाप्पा म्हणाला.

तोवर कारखान्यातलं रंगकाम निंगप्पा मास्तरांच्या तळहातावर चाललं होतं. मास्तर तीस वर्षं रंगाच्या हौदापाशी उभे होते. नखं निळी, कोपरापर्यंत हात लाल आणि डोक्यावरचा टोपी म्हणवणारा प्रकार कुठल्या रंगाचा ते कुणालाच आठवत नव्हतं. हौदावर निघणाऱ्या वाफेवर ते तळहात धरायचे आणि “आलं” म्हणायचे. मग सुताच्या लडी हौदात सोडायच्या. धुळाप्पानं विचारलं, पाणी नेमकं किती अंशांवर आलं की “आलं”? मास्तर म्हणाले, “पंच्याण्णव. अर्धा अंश हिकडं-तिकडं झाला तरी हात सांगतोय मला.”

मास्तरांची ही बढाई आहे हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. पण धुळाप्पा शिकलेला माणूस. त्यानं ते वहीत लिहून घेतलं आणि ठरवलं की आपलं यंत्रसुद्धा अर्ध्या अर्ध्या अंशानंच मोजणार. म्हणजे पंच्याण्णव अंश यंत्राच्या हिशेबी एकशेनव्वद.

मुंबईहून मायक्रोप्रोसेसरचं किट आलं. एक हिरवा बोर्ड, कॅल्क्युलेटरसारखी बटणं, आणि लाल आकडे दाखवणारी सहा घरं. प्रोग्रॅम ठेवायला बोर्डावर एकच चिप, बोटाच्या पेराएवढी. तिच्यात एक हजार चोवीस बाइट मावत, त्यापुढं एकही नाही.

अण्णांना त्या लाल आकड्यांचं फार कौतुक वाटलं. “ह्यात नाव येतंय का?” त्यांनी विचारलं.

आता ती अक्षरं उभ्या-आडव्या सात दांड्यांची. त्यात इंग्रजीतली सगळी अक्षरं काही निघत नाहीत. पण धुळाप्पानं कागदावर मांडून पाहिलं तर काय, ‘चनबसप्पा’ पहिल्यापासून शेवटपर्यंत निघत होतं! एकाही अक्षराला धक्का नाही.

“आन मल्लप्पाचं?”

“न्हाय निघत अण्णा. एम करता येत न्हाय ह्यात.”

“नीट बघ.”

“बघितलं. न्हायच निघत.”

“बरं झालं,” अण्णा म्हणाले. “म्हंजे वाईट झालं. पण आता आपण काय करणार त्येला.”

तेव्हा ठरलं ते असं : पाणी तापत असेल तोवर यंत्र अंश दाखवील, आणि पंच्याण्णवला पोचलं की अण्णांचं नाव उजवीकडून डावीकडे सरकत राहील. नाव दिसलं की लडी सोडायच्या.

प्रोग्रॅम लिहायला धुळाप्पानं आधी हातानंच सुरुवात केली. प्रत्येक सूचनेचा आकडा पुस्तकात शोधायचा, वहीत लिहायचा, बटणं दाबून भरायचा. मध्ये एक आकडा राहिला की पुढचं सगळं एक घर सरकायचं. दीड महिन्यात खोडरबरानं वहीची पानं आरपार झाली आणि यंत्राला अजून अण्णांच्या नावातला बी येत नव्हता. तेवढ्यात त्याला कळलं की पुण्याला एका संस्थेत मोठा कॉम्प्युटर आहे आणि त्यावर क्रॉस-कंपायलर आहे.

हे काय असतं ते निंगप्पा मास्तरांना सांगायची त्याला फार हौस.

“मास्तर, ते मशीन खोलीएवढं हाय. त्येला मी सोप्या भाषेत लिवून द्यायचं. ते आपल्या हितल्या चिपला समजंल असल्या भाषेत करून देतंय.”

“मंग ते सोताच का न्हाय चालवत?”

“त्येला सोताला ती भाषा समजत न्हाय. नुसती लिवता येती. चालायची ती हितं, आपल्या बोर्डावर.”

“म्हंजे आमच्या लग्नात मंत्र म्हणणाऱ्या स्वाम्यासारखं म्हण की,” मास्तर म्हणाले, आणि पुन्हा वाफेवर हात धरून उभे राहिले.

एप्रिलात धुळाप्पा बगलेत कागदांची चळत घेऊन पुण्याला गेला. संस्थेतला ऑपरेटर रावजी निघाला बार्शीचा. सोलापूरचं माणूस म्हटल्यावर त्यानं खुर्ची दिली, चहा सांगितला आणि कपाटातून टेपची दोन चक्रं काढून टेबलावर ठेवली.

“कंपायलर दोन हाईत. कुठला लावू?”

दोन असतील हे धुळाप्पाच्या ध्यानीमनी नव्हतं. “फरक काय दोघांत?”

“फरक काय न्हाय,” रावजी म्हणाला. “म्हणून तर एवढी भांडणं हाईत.”

हकिकत अशी होती. पहिला कंपायलर चिप करणाऱ्या कंपनीकडूनच अमेरिकेहून आलेला. त्याला संस्थेत ‘थोरला’ म्हणत. मग इथल्या एका हुशार विद्यार्थ्यानं तो घेतला, काटछाट केली, त्यावर प्रबंध लिहिला आणि स्वतः अमेरिकेला गेला. मागं राहिला तो ‘धाकटा’. एक वस्तू तिकडून आली, एक माणूस इकडून गेला, असा तो व्यवहार. दोन्ही कंपायलरांना लिहून द्यायची भाषा एकच. दोघांची माहितीपुस्तकं एकच. चौदाव्या पानावरची छपाईची चूकसुद्धा दोन्हींत तीच. फक्त एकाचं कव्हर निळं होतं आणि एकाचं बदामी.

संस्थेत मात्र ह्यावरून दोन तट पडले होते. थोरल्याचे लोक चहाला साडेदहाला जात, धाकट्याचे पावणेअकराला. धुळाप्पानं भाबडेपणानं एका प्राध्यापकांना विचारलं की साहेब, कुठला घ्यावा? साहेबांनी त्याला पाऊण तास उभं ठेवून समजावलं, आणि शेवटी कळलं ते एवढंच की दुसऱ्या तटाचे प्रमुख त्यांचे साडू लागत होते. दुसऱ्या एकानं सांगितलं, थोरला सावकाश चालतो पण भरवशाचा. तिसऱ्यानं सांगितलं, अहो, थोरल्याला काय झालंय, तो नुसता फुगलाय. अण्णांच्या कारखान्यात सूत रंगवायचं आहे, त्याला काय लागतं हे कुणीच विचारलं नाही. धुळाप्पाला हे सगळं वळसंगच्या ग्रामपंचायतीसारखं वाटलं, फक्त तिथं चहा चांगला मिळायचा.

शेवटी त्यानं तोच प्रोग्रॅम दोघांकडूनही काढून घेतला. पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर प्रोग्रॅमची भोकं पडली, यंत्रं घरघरली, छापील कागदांच्या दोन घड्या हातात आल्या. थोरल्याचं माप एक हजार एक्क्याऐंशी बाइट. धाकट्याचं नऊशे सत्त्याण्णव.

चिपमध्ये मावणार एक हजार चोवीस. धुळाप्पाला एकदम हलकं वाटलं. इतके विद्वान वर्षभर भांडत होते तो प्रश्न त्यानं एका वजाबाकीत सोडवला होता. त्यानं धाकटा घेतला.

“धाकटा जागा वाचवतोय कशी, ते ठाव हाय का कुणाला?” त्यानं जाता जाता विचारलं.

“ज्येला ठाव होतं त्यो अमेरिकेला गेला की,” रावजी म्हणाला.

मे महिन्यात यंत्र बसलं. त्या आठवड्यात सोलापूर त्रेचाळीसवर होतं. गच्चीवरच्या टाकीतून हौदात येणारं पाणीच एवढं तापलेलं, की त्यात साधी चहापूड टाकली असती तरी रंग सुटला असता. पूजा झाली, नारळ फुटला, बोर्डावर कुंकू टाकू नका म्हणून धुळाप्पानं स्वामींच्या हाताला धरून दोनदा सांगितलं, तरी त्यांनी टाकलंच. कळ दाबली. आकडा चाळीसवरून चढायला लागला. पंच्याण्णवला वाफेचा कॉक आपोआप बंद झाला आणि लाल अक्षरांत अण्णा डावीकडे सरकायला लागले. टाळ्या पडल्या. मल्लप्पांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, “स्पेलिंग चुकलंय.” ते चुकलेलं नव्हतं.

मे गेला, पावसाळा गेला, दिवाळी झाली. गच्चीवरच्या टाकीचं पाणी पावसाळ्यातही कोमटच यायचं, आणि बिनतक्रार काम चाललं. मास्तर सुरुवातीला रुसून हौदाकडे पाठ करून बसत. मग बसल्या बसल्या तंबाखू मळता येते हे लक्षात आल्यावर त्यांचा रुसवा गेला. धुळाप्पाचा भाव वधारला. जगदेवी, त्याची बायको, माहेरी सांगायला लागली की आमच्या ह्यांनी कॉम्प्युटर केलाय.

डिसेंबरात गारठा पडला. सोलापूरचा गारठा तो केवढा, पण लोक कानाला मफलर बांधून त्याला मान देतात. अशा एका सकाळी मास्तर बहिणीच्या घरी कार्याला गेले होते आणि हौदावर रुद्रप्पा नावाचा नवा माणूस होता. त्यानं गार पाणी भरलं, लाल रंग कालवला, कळ दाबली. दाबल्याबरोबर अण्णांचं नाव सरकायला लागलं. नाव दिसलं की लडी सोडायच्या, हे त्याला घोकून दिलेलं. त्यानं सोडल्या.

लडी वर काढल्या तेव्हा लाल व्हायचं सूत गुलाबी झालेलं होतं. तेही कुठं गुलाबी, कुठं लाजल्यासारखं. अण्णा ओरडले, रुद्रप्पा रडला, आणि धुळाप्पा वायर तपासत बसला. वायर चांगली होती. पाण्याची उष्णता मोजणारा सेन्सर चांगला होता. दुपारी ऊन चढल्यावर पुन्हा कळ दाबली तर यंत्र शहाण्यासारखं चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच : तेवीस अंशांचं पाणी, आणि यंत्र म्हणतंय तयार.

मास्तर परत आले. त्यांनी हौदात सरळ हात घातला. “अय्यो, ह्ये तर गार पडलंय की. हाताला कळतंय, ह्येला कळंना?” मग थोडा विचार करून त्यांनी बॉयलरपाशी जाऊन बादलीभर कढत पाणी आणलं आणि जिथं सेन्सर बुडवलेला होता नेमकं तिथं ओतलं. खट् करून वाफेचा कॉक उघडला. आकडा चढायला लागला.

का ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि विचारायची गरजही वाटली नाही. तेव्हापासून रोज सकाळी ती रीत झाली. कळ दाबायची, नाव सरकायला लागलं की बादली ओतायची. चार दिवसांत त्या रीतीला नावही पडलं. पाळीवर येणारा माणूस फाटकातूनच ओरडून विचारायचा, “चनबसप्पाला आंगुळ घातली का रं?” आतून उत्तर यायचं, “घातली! लागलाय कामाला.”

धुळाप्पाला हसू येत नव्हतं. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर त्यानं पुण्याहून आणलेल्या दोन्ही घड्या घरात जमिनीवर पसरल्या, एका बाजूला थोरला, एका बाजूला धाकटा. जगदेवीला थोरल्याच्या ओळी वाचायला बसवलं आणि आपण धाकट्यावर बोट ठेवून चालला. ती सातवी शिकलेली. आकडे आणि इंग्रजी अक्षरं तिला येत. ती वाचत गेली, तो जुळवत गेला. प्रत्येक वेळी दोन आकड्यांतला लहान कुठला हे ठरवायची जागा आली की थोरल्याच्या दोन ओळी जास्त निघायच्या. अशा जागा मोजल्या बेचाळीस. प्रत्येक ठिकाणी दोन बाइट वाचवलेले. चौऱ्याऐंशी बाइटांची बचत ती हीच.

“पर ह्यो करतोय काय तितं?” जगदेवीनं विचारलं.

“वजाबाकी करतोय. पाणी तेवीस, म्हंजे शेहेचाळीस. त्यातनं एकशेनव्वद वजा. उत्तर शून्याच्या खाली आलं तर पाणी गार.”

“ल्हानातनं मोठं कसं वजा करतंय?”

“हातचा घेऊन. एका बाइटात आकडे दोनशे छप्पनच, म्हणून तेवढ्याचाच हातचा घेतंय, आन मंग वजा करतंय.”

“आन हातचा घेतल्याचं कुटं लिवून ठेवत न्हाय व्हय? आमच्या बाई शाळेत छडी मारायच्या त्येच्यावरनं.”

धुळाप्पानं तिच्यापुढचा थोरल्याचा कागद आपल्याकडे ओढला. थोरला नेमकं तेच करत होता. त्या दोन जास्तीच्या ओळींत तो ‘हातचा घेतला का’ ते विचारत होता. धाकटा हातच्याकडे बघतच नव्हता. तो फक्त उत्तर बघायचा : एकशे अठ्ठावीसच्या पुढचं असेल तर शून्याखालचं समजायचा, नाहीतर वरचं. मे महिन्यात पाणी चाळीस अंश, म्हणजे ऐंशी. हातचा धरून उत्तर येतं एकशे शेहेचाळीस. धाकटा म्हणायचा, शून्याखालचं आहे, पाणी गार, उघडा कॉक. योग्य. डिसेंबरात शेहेचाळीस. उत्तर एकशे बारा. धाकटा म्हणायचा, वरचं आहे, झालं तापून, दाखवा नाव. पाणी एकतीस अंशांच्या खाली गेलं की त्याची अक्कल बंद. एवढं सगळं यंत्र सोलापूरच्या उन्हाळ्याच्या जिवावर चाललं होतं.

“म्हंजे त्येनं हातचा खाल्ला,” जगदेवी म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

आता पुढं काय? अर्ध्या अंशाऐवजी पूर्ण अंश मोजले तर धाकट्यावरही भागलं असतं. धुळाप्पानं ते करूनही पाहिलं असतं. पण ज्यानं बेचाळीस ठिकाणी हातचा सोडला त्यानं आणखी कुठं काय सोडलं असेल, ह्या विचारानं त्याला जेवण जाईना. थोरलाच पाहिजे होता. आणि थोरला सत्तावन्न बाइटांनी चिपबाहेर लोंबत होता. प्रोग्रॅमातून काय काढता येईल ते त्यानं तीनतीनदा पाहिलं. वाफ काढता येत नव्हती, अंश काढता येत नव्हते. नव्वद बाइट नुसते बसून खात होते, ते अण्णांच्या नावाचे.

तो सोमवारी ऑफिसात गेला. अण्णांसमोर मल्लप्पाही बसले होते.

“अण्णा, नाव काढावं लागतंय.”

“कुणाचं?”

“तुमचं. मशीनमधनं.”

अण्णांनी पेन खाली ठेवलं. “धुळाप्पा, मशीन माझं, हौद माझा, वाफ माझी. आन नाव कुणाचं लावू? बादली ओतल्यावर चालतंय न्हवं? मंग ओता.”

“हातचा हिशेबात घेत न्हाय ते, अण्णा.”

“न घेऊ दे. आपण कुणाकडनं काय घेत न्हाय.”

मल्लप्पांनी छताकडे बघत नुसतं “मी काय बोलत नाही” एवढं म्हटलं, आणि ते त्यांनी इतक्या आनंदानं म्हटलं की अण्णांचा निर्धार आणखी पक्का झाला.

धुळाप्पा परत गेला. हुज्जत घालणं त्याच्या रक्तात नव्हतं. पण पुढच्याच आठवड्यात मुंबईचे दोन मोठे व्यापारी कारखाना बघायला आले, तेही सकाळी आठला. अण्णा नवा पांढरा शर्ट घालून त्यांना घेऊन हौदापाशी आले. यंत्राकडे हात करून सांगायला सुरुवात केली, की जर्मनीत असतं तसलंच हे आमच्या माणसानं केलंय, पाणी तयार झालं की हितं आमचं नाव...

नाव सरकतच होतं. व्यापाऱ्यांपैकी एकानं कौतुकानं हौदात बोट घातलं आणि अण्णांकडे पाहिलं.

त्याच घटकेला पलीकडच्या दारातून निंगप्पा मास्तर वाफाळती बादली घेऊन आले. त्यांचं लक्ष पाहुण्यांकडे नव्हतं. “सरका, सरका,” ते म्हणाले, “चनबसप्पाला आंगुळ घालायची हाय. आंगुळ केल्याबिगर कामाला लागत न्हाय त्यो, लई लाडावलाय.”

आणि ओतली. कॉक खट् करून उघडला. मागं सतरा माणसं उभी होती, त्यातल्या एकालाही आपला चेहरा सरळ ठेवता आला नाही. व्यापाऱ्यांनाही नाही. मास्तरांनी मान वळवली तेव्हा त्यांना पांढरा शर्ट दिसला. “रामराम अण्णा,” ते म्हणाले आणि रिकामी बादली पाठीमागं लपवली, जशी काही ती बादलीच बोलली होती.

पाहुणे चहाला बसल्यावर अण्णा बाहेर आले, धुळाप्पाला शोधून काढलं आणि दुसरीकडे बघत म्हणाले, “उद्या पुण्याला जा.”

“नाव?”

“काढ. आन त्या मास्तराला सांग, माझ्यासमोर बादली न्यायची न्हाय.”

धुळाप्पा गेला. थोरला चढवला, नाव काढलं, त्या जागी सहा आडव्या रेघा टाकल्या. माप आलं नऊशे पंच्याण्णव. सोलापुरात सकाळी सातला, एकोणीस अंशांच्या पाण्यावर त्यानं कळ दाबली. मास्तर बादली भरून बाजूला उभेच होते, न जाणो. कॉक उघडला, आकडा चढला, पंच्याण्णवला सहा रेघा आल्या. मास्तरांनी तरीही वाफेवर तळहात धरला. “आलं,” ते म्हणाले. मग त्या बादलीनं त्यांनी स्वतःचे पाय धुतले.

धुळाप्पानं संस्थेला सविस्तर पत्र लिहिलं, बेचाळीस जागा आकड्यांसकट दाखवून. दोन महिन्यांनी उत्तर आलं की धाकट्याच्या चाचण्या समाधानकारक झालेल्या असून स्थानिक हवामान हा संस्थेच्या कक्षेतला विषय नाही. खाली रावजीनं पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘पाव्हणं, तुमचं पत्र थोरल्याच्या लोकांनी फळ्यावर लावलंय. आता चहाची वेळ तिसरी झाली.’

गुलाबी झालेल्या सुताचे टॉवेल मल्लप्पांनी नागपूरच्या एका व्यापाऱ्याच्या गळ्यात मारले होते. महिनाभरात त्याचं पत्र आलं, हाच रंग आणखी पाठवा. तो रंग पुन्हा कुणालाही जमला नाही. मल्लप्पा मात्र तेव्हापासून त्याला आपला शोध म्हणू लागले.

पुढच्या वर्षी गुलबर्ग्याच्या एका डाळ गिरणीचे शंकरप्पा म्हणून इंजिनिअर खास धुळाप्पाला भेटायला आले. त्यांनाही असंच यंत्र करायचं होतं. धुळाप्पानं त्यांना घरी नेलं, जगदेवीनं शेंगाचटणी आणि कडक भाकरी वाढली, आणि जेवणानंतर दोन्ही घड्या जमिनीवर पसरल्या गेल्या. धुळाप्पानं हातचा समजावला, बेचाळीस जागा दाखवल्या, डिसेंबरची गोष्ट सांगितली. शंकरप्पांनी दोन तास मान हलवत सगळं टिपून घेतलं. मग वही मिटून विचारलं, “बिराजदार, तिथं जास्त लोक कुठला वापरतात?”

“धाकटा.”

“मग तोच घेतो. एवढे लोक वापरतात म्हणजे काहीतरी असेलच ना.”

धुळाप्पानं त्यांना स्टँडवर नेऊन गुलबर्ग्याच्या गाडीत बसवलं, खिडकीतून हात केला, आणि सायकलला टांग मारून कारखान्याकडे निघाला. तिसऱ्या शेडमधली मोटर सकाळपासून जळकट वास मारत होती.